सुझानीचा न भरलेला कोपरा आणि बुखाऱ्यातले निळे हात

सुईदोरा (धागाकर्ती)

उझबेकिस्तानातल्या समरकंदपासून तासाभरावर उर्गुत नावाचं गाव आहे. तिथल्या बाजारातून मी एक सुझानी, म्हणजे भरतकामाचं मोठं कापड, घेऊन आले. अंथरली की आमचा हॉल संपतो, एवढी मोठी. जुनी नाही, नवीच आहे. मधे डाळिंबी रंगाची परातीएवढी वर्तुळं, भोवती काळपट वेलींची कडी आणि एका कोपऱ्यात एक फूल नुसतंच शाईनं काढलेलं, भरलेलंच नाही. विकणाऱ्या आजींना बोट दाखवून विचारलं, तर त्या हसल्या आणि त्यांच्या नातवानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "पूरा नहीं करते, नजर लगती है."

मला हे तेव्हा फार आवडलं. पुढच्या आठवड्यात बुखारा, गिजदुवान आणि ताश्कंद मिळून सहा दुकानांत हेच ऐकलं, तेव्हा जरा कमी आवडलं. दोन ठिकाणी कारण वेगळं होतं: कोपरा मोकळा ठेवला की घरात पुढचं लग्न होतं. एकानं तर "परिपूर्ण फक्त अल्ला" हेही सुनावलं. म्हणजे कोपरा एक आणि कारणं तीन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'सूझन' म्हणजे फारसीत सुई, त्यावरून सुझानी. आजच्या उझबेकिस्तान-ताजिकिस्तानातल्या शहरांत आणि आसपासच्या गावांत मुलीच्या लग्नासाठी भरलेली ही मोठी कापडं. आपल्या भाषेत सांगायचं तर रुखवतच. मुलगी लहान असतानाच काम सुरू व्हायचं. आई, आजी, मावश्या आणि पुढे ती स्वतः, सगळ्या भरायच्या. प्रत्येक कामाचं कापड वेगळं आणि नावही वेगळं: वरवधूच्या अंथरुणाची चादर ती रुईजो, उशांवर टाकायचं ताख्यापुश, भिंतीवर छताखाली लावायची लांब पट्टी झर्देवोर, लग्नात डोक्यावर धरायचं बोलिनपुश. हिवाळ्यात निखाऱ्यांवर बुटकं मेज ठेवून त्यावर रजई टाकतात आणि सगळं घर त्यात पाय घालून बसतं. त्या मेजालाही स्वतःचं कापड असतं, सांदालीपुश.

आता मला खरं खटकलं ते सांगते. तिकडे प्रत्येक दुकानात आकृत्यांचा शब्दकोश पाठ करून घेतात. डाळिंब म्हणजे लेकरंबाळं, मिरची म्हणजे दृष्ट, बदाम म्हणजे अमुक, चहाची किटली म्हणजे तमुक. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं की हा या कापडांच्या अर्थाचा सगळ्यात पातळ पापुद्रा आहे. खरी माहिती शिवणीत आहे, अस्तरात आहे आणि ते कोणाला वापरायला बंदी होती यात आहे.

शिवणीचंच बघा. सुझानीचं कापड एकसंध नसतं. हातमागावर दीड-दोन वीत रुंदीच्या पट्ट्याच निघायच्या. चार-सहा पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडायच्या. मग नक्षी काढणारी बाई, तिला कलमकश म्हणतात, येऊन सगळ्या कापडावर एकदाच रेखाटन करायची. मग टाके उसवायचे आणि पट्ट्या घराघरांत वाटून द्यायच्या. एक पट्टी मावशीकडे, एक आत्याकडे. भरून झाल्या की पुन्हा जोडायच्या. त्यामुळे जुन्या सुझानीत वर्तुळाची अर्धी बाजू किरमिजी, तर अर्धी विटकरी दिसते. वेल शिवणीपाशी येऊन अर्धा बोट वर सरकते. चूक नाही ती. घरात किती बायका होत्या, कोणाचा हात सैल होता, कोणाकडचा दोरा संपला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. कोपऱ्याची गोष्ट कितपत खरी? आणि अब्र (इकत, म्हणजे धागे आधी बांधून-रंगवून मग विणलेलं कापड), चोगे (लांब अंगरखे), नमदे (लोकर थापून केलेली जाजमं) यांबद्दल ज्यांनी पाहिलं-वाचलं आहे त्यांनी लिहावं.

---

धुळेकर_धाकटा

फोटोशिवाय धागा फाऊल.

---

मोडीबाज

वा, सुईदोराताई. कापडाचा इतिहास म्हटला की इथे पैठणीच्या पुढे गाडी जात नाही. बरं वाटलं.

कोपऱ्याबद्दल मला वाटतं ते असं. जुन्या सुझान्यांमध्ये न भरलेली जागा खरंच सापडते, एखादं पान किंवा एखादी पाकळी. ती विक्रेत्यांनी काढलेली टूम नाही. पण तीन कारणं ऐकू येतात याचा अर्थ कारण नंतर जोडलं गेलं असावं. लग्नाची तारीख दारात, दोरा संपलेला, बायका दमलेल्या, राहिलं एक फूल. मग आजीबाई म्हणाल्या असतील, राहू दे, दृष्ट लागायची नाही. आपल्याकडे रुखवतातल्या अर्ध्या तोरणांमागे हीच कथा असते.

आणि आता पर्यटकाला गोष्ट हवी असते म्हटल्यावर कोपरा मुद्दाम मोकळा सुटतो. गोष्टीतून कोपरा तयार होतो.

---

सुईदोरा

@मोडीबाज, "गोष्टीतून कोपरा" हे मनाला पटलं आणि जरा लागलंही, कारण त्या कोपऱ्यासाठीच मी घासाघीस सोडून दिली होती.

तारीख जवळ आल्यावर नातेवाइकांना आणि शेजारणींना बोलवून काम संपवायची पद्धत होती. असं मोबदल्याशिवाय मिळून केलेलं काम म्हणजे 'हशर'. घर बांधणं, कालवा उपसणं, सगळ्यालाच हा शब्द. आपली इर्जिक. आज मी तुझ्या मुलीची पट्टी भरली, उद्या तू माझ्या मुलीची भरायचीस. ती सुझानी भिंतीवर लागायची तेव्हा आलेल्या बायका डाळिंब बघत नसणार. "ही पट्टी कोणाच्या हातची?" हे बघत असणार.

---

निळीचा_कोल्हा

उशिरा आलो, पण माझ्या नावाला जागायला हवं. इकतबद्दल लिहितो.

तिकडे त्याला 'अब्र' म्हणतात आणि त्या कामाला 'अब्रबंदी'. अब्र म्हणजे ढग. आपल्या 'अभ्राच्छादित'मधलं अभ्र ते हेच, फारसी अब्र आणि संस्कृत अभ्र ही सख्खी भावंडं. बंदीतला 'बंद' आणि आपला 'बंध' तेही एकाच घरचे. म्हणजे अब्रबंदीचं मराठी करायचं तर अक्षरं फारशी हलवावीच लागत नाहीत: अभ्रबंध. ढग बांधणे. कापड पाहिलं की नाव पटतं, कारण कडा कुठेच करकरीत नसतात, एक रंग दुसऱ्यात झिरपतो.

काम असं चालतं. रंगवायचा तो फक्त ताणा (उभे धागे), बाणा (आडवे) साधा. (पाटणच्या पटोळ्यात ताणा-बाणा दोन्ही रंगवतात, तो वेगळाच जुलूम.) ताण्याचे धागे ताणून त्यावर नक्षीदार कोळशानं खुणा करतो. मग जिथे रंग नको तिथे सुती दोऱ्यानं घट्ट गुंडाळायचं. आधी पिवळा, मग लाल, शेवटी निळा. प्रत्येक रंगाआधी काही गाठी सोडायच्या, काही नव्या मारायच्या. सगळं झालं की मग तो मागावर चढतो. विणकराच्या वाट्याला खरं तर सोपं काम, कारण नक्षी आधीच धाग्यात बसलेली असते.

आता निळा. पिवळा आणि लाल हे गरम रंग, उकळत्या भांड्यातले. ते बहुतेक ताजिक रंगाऱ्यांकडे. नीळ थंड भांड्यात, आणि ती बुखाऱ्यात ज्यू रंगाऱ्यांकडे. एकच ताण्याची गुंडी एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात फिरायची. बरं, ती नीळ यायची कुठून? हिंदुस्थानातून. मुलतानी आणि शिकारपुरी सावकार-व्यापारी बुखाऱ्यात ठाण मांडून होते, त्यांच्या सराया होत्या.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो: कोणाला काय वापरायला बंदी? अमिराच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, बुखाऱ्यात ज्यूंना रेशमी कमरपट्टा बांधायची मुभा नव्हती, साधा दोर बांधावा लागे. शहरात घोड्यावर बसायलाही मनाई. म्हणजे ज्याच्या कोपरापर्यंत निळ्या हातांनी दरबारी चोगे रंगले, त्याच्या कमरेला सुतळी. हिंदूंचीही तीच गत. कंपनी सरकारचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स १८३२ मध्ये बुखाऱ्याला गेला होता. त्यानं लिहिलंय की हिंदूंना चौकोनी टोपी आणि कमरेला दोरी अशी खूण बाळगावी लागे, कारण एखाद्या मुसलमानानं चुकून 'सलाम आलेकुम' केलं तर पंचाईत. स्वतः बर्न्सनंही शहरात शिरताना कमरपट्टा काढून दोरी बांधली होती.

डाळिंबाचा अर्थ कोणाला हवाय, सांगा.

---

जुनेर

+१. शेवटच्या ओळीला विशेष.

---

मोडीबाज

कोल्होबा, फार छान. एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

आपण 'उशीचा अभ्रा' म्हणतो. तो अभ्रा ढगाचा नव्हे. फारसीत 'अब्रा' म्हणजे कपड्याचा वरचा, दिसणारा पदर आणि आतला तो 'अस्तर'. आपण दोन्ही शब्द घेतले, पण जोडी मोडली. अभ्रा उशीवर गेला, अस्तर ब्लाउजच्या आत राहिलं. उझबेकमध्ये ती जोडी अजून एकत्र नांदते, 'अव्रा-अस्तर'. एखाद्याचं अव्रा-अस्तर उलटं केलं म्हणजे त्याचं सगळं बिंग बाहेर काढलं.

आता या वाक्प्रचाराचा प्रत्यक्ष उपयोग करून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला बुखाऱ्याचा एखादा अब्राचा चोगा संग्रहालयात उलटा करून दाखवतात तेव्हा आत काय निघतं? रशियन गिरणीचं छापील सुती कापड, गुलाबाच्या फुलांचं. १८६५ला ताश्कंद रशियाकडे गेलं, १८६८ला समरकंद. १८७६ला कोकंदची खानशाहीच खालसा झाली. बाहेरचा अभ्रा सांगतो, 'अमीर गादीवर आहे'. अस्तर सांगतं, 'माल आता उत्तरेकडून येतो'. थोड्याच काळात लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेच्या जागी गिरणीचे रासायनिक रंगही शिरले.

---

उंटावरचा_शहाणा

मोडीबाज, चोग्याचा विषय निघालाच आहे तर खिलतीवर, दरबारातून मिळणाऱ्या मानाच्या वस्त्रावर, लिहा की. तुमचा प्रांत आहे.

---

मोडीबाज

लिहितो, पण थोडंच, जेवण व्हायचंय.

बुखाऱ्याच्या अमिराकडून मिळालेला चोगा म्हणजे कपडा नव्हे, हुद्दा. कोणत्या कापडाचा, किती जरीचा, किती संख्येनं, यावर माणसाची जागा ठरायची. नवा मिळाला की जुन्यावर चढवायचा. एकावर एक चार चोगे घालून उन्हाळ्यात दरबारात उभं राहणं ही श्रीमंती. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'पेशवाईची वस्त्रे मिळाली' या वाक्यात आपण कधी वस्त्रांचा विचार करतो का? साताऱ्याहून वस्त्रं आली म्हणजे पद आलं. दिल्लीहून खिलत यायची तीही याच घराण्यातली. समरकंद ते सातारा, दरबारी भाषा एकच: सत्ता अंगावर घालायची वस्तू होती.

जरकामाचे कारखाने बुखाऱ्याच्या किल्ल्यात, अर्कमध्ये होते आणि तिथे भरतकाम करायचे ते पुरुष. बायकांचा हात लागला तर सोनं काळवंडतं अशी समजूत. घरात सगळं भरतकाम बायकांचं, पण धाग्यात सोनं आलं की ते पुरुषाचं. यावर काही म्हणत नाही.

१९११ मध्ये प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकारानं शेवटचा अमीर आलिम खान याचा रंगीत फोटो काढला. गडद निळा चोगा, त्यावर मोठमोठी फुलं. जरूर शोधून बघा. नऊ वर्षांनी, १९२०ला, लाल सैन्यानं बुखारा घेतलं, अमीर अफगाणिस्तानात पळाला आणि १९४४ला काबुलात वारला.

---

मावशीचा_झगा

"धाग्यात सोनं आलं की ते पुरुषाचं." आणि यावर काही म्हणत नाही म्हणे! मी म्हणते.

सुझानीबद्दल सगळे फार हळवे होऊन लिहितायत. सहा-सात वर्षांच्या मुलीला सुई हातात देऊन लग्नापर्यंत वाकवून बसवायचं आणि मग "किती सुंदर परंपरा". तिच्या हाताच्या सफाईवरून सासर तिची किंमत करणार. आपल्याकडच्या रुखवतात तरी काय वेगळं होतं? माझ्या आईनं भरलेला 'सुस्वागतम्'चा पडदा सासरी तीन दिवस टांगला आणि मग माळ्यावर गेला. तिला शिकायचं होतं.

---

सुईदोरा

@मावशीचा_झगा, तुमचं म्हणणं खोडून काढणार नाही, कारण ते बरोबर आहे. फक्त एक जोडते. ज्या समाजात घर, जमीन, गुरं सगळं पुरुषांच्या नावावर, तिथे ही कापडं निदान मुलीबरोबर जायची आणि तिची म्हणून ओळखली जायची. हे सुख नव्हे, हे मला कळतं. पण म्हणूनच मला "डाळिंब म्हणजे संतती" या वाक्याचा राग येतो. तिच्या बारा वर्षांच्या कामाचं सार तिनं किती पोरं जन्माला घालावीत एवढंच?

---

उंटावरचा_शहाणा

नावाला जागायची पाळी आता माझी.

बायकांच्या वयावरून कपड्याचा रंग ठरण्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही: तुर्कमेन लोकांमधल्या टेके टोळीचा 'चिर्पी'. डोक्यावरून पाठीवर सोडायचा भरतकामाचा झगा, त्याला बाह्या असतात पण हात घालायला नव्हे. त्या पाठीमागे लोंबत राहतात. तरुण विवाहितेचा गडद निळा किंवा हिरवा, मध्यम वयाला पिवळा आणि म्हातारपणी, घरातली कर्ती झाल्यावर, पांढरा. सगळ्यावर ट्युलिपसारखी फुलं खच्चून भरलेली. वयाचा दाखला अंगावरच. पांढरा म्हणजे वैधव्य असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, तिथे पांढरा म्हणजे मानाची पराकाष्ठा. मला हे कळायला वेळ लागला.

आणि उंट! नवरी उंटावरून निघायची तेव्हा उंटाच्या दोन्ही कुशींवर 'अस्मालिक' टांगायचे. पंचकोनी, गालिच्यासारखे विणलेले किंवा भरलेले, नेहमी जोडीनं. आज ते जगभरच्या संग्रहालयांत एकेकटे भिंतीवर दिसतात. एक पॅरिसला, तर जोडीदार कुठे देव जाणे. मला ते एकटे बघवत नाहीत, हसा हवं तर.

तुर्कमेन गालिच्यातल्या अष्टकोनी आकृतीला 'ग्योल' म्हणतात, प्रत्येक टोळीचा वेगळा. तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर डाव्या बाजूला पाच टोळ्यांचे पाच ग्योल उभे आहेत. आणि गंमत म्हणजे या गालिच्यांना जगभर 'बुखारा गालिचा' म्हणतात, कारण ते बुखाऱ्याच्या बाजारात विकले जायचे. विणला कोणी, नाव कोणाचं.

---

धुळेकर_धाकटा

माझा भाचा किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएस करतो (हो, तोही त्यातलाच एक, सेमिस्टरची फी भरून आम्ही गप्प बसतो). गेल्या खेपेला त्यानं नमद्याचा एक तुकडा आणला, शिर्दाक. आईनं पायपुसणं म्हणून दारात टाकला होता, मी उचलून भिंतीवर लावला.

त्यानं सांगितलेली करामत अशी. लोकर विणत नाहीत; भिजवून, गुंडाळून, लाथा मारून तिचा नमदा करतात. (कोल्हापूरकडे लोकर थापून जेन करायचे, ते आठवा.) मग दोन रंगांचे दोन नमदे एकावर एक ठेवून एकाच वेळी नक्षी कापायची. लाल नमद्यातून निघालेलं शिंग काळ्यात बसवायचं आणि काळ्यातून निघालेलं लालमध्ये. एका कापणीत दोन गालिचे, एकाची आकृती ती दुसऱ्याची पार्श्वभूमी. एक इंचही वाया नाही. बहुतेक आकृत्या मेंढ्याच्या शिंगाच्या, आणि बाहेरची कडा दोऱ्यानं अशी शिवलेली की पोरं वीस वर्षं नाचली तरी निघत नाही. २०१२ मध्ये युनेस्कोनं शिर्दाक आणि त्याचा भाऊबंद अला-कियिज या दोघांना तातडीनं जपायच्या यादीत घातलं, कारण करणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या आणि बाजारात सिंथेटिक गालिचे स्वस्त.

मी त्याला विचारलं, दुसरा जुळा कुठे आहे? तो म्हणाला, मामा, एवढे पैसे नव्हते.

---

उंटावरचा_शहाणा

चला, एकट्या पडलेल्यांत अजून एकाची भर.

---

जुनेर

लहान बाळाच्या कपड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

कझाक आणि किर्गिझ लोकांत बाळाचा पहिला सदरा म्हणजे 'कुत्र्याचा सदरा' (कझाकमध्ये इत-कोयलेक). कडा दुमडून शिवायच्या नाहीत, तशाच सोडायच्या. चाळीस दिवस घालायचा. मग तो काढून त्यात खाऊ बांधून कुत्र्याच्या गळ्यात अडकवतात आणि वस्तीतली पोरं कुत्र्यामागे धावतात. बाळावरची इडापीडा कुत्र्याबरोबर गेली. आणि तुकड्या-तुकड्यांची गोधडी, 'कुराक', तिच्यासाठी दीर्घायुषी म्हाताऱ्या माणसांच्या कपड्यांचे तुकडे मागून आणायचे.

माझं नाव जुनेर का, हे आता कळलं असेल. आजीचं मऊ झालेलं लुगडं फाडून केलेल्या दुपट्यात गुंडाळलेली मी. आजी ब्याण्णव वर्षांची होऊन गेली.

---

टपरीवरचा_चहा

एवढं सगळं लिहिलंत आणि बुरखा जाळल्याचं कोणीच नाही लिहिलं? की सोयीस्कर मौन?

---

सुईदोरा

मौन नाही, मी स्वतःच लिहिणार होते. फक्त हे कृपया इथल्या निवडणुकांपर्यंत नेऊ नका, धागा बंद होईल.

शहरांतल्या बायकांचं बाहेर पडायचं वस्त्र म्हणजे परंजा, डोक्यावरून पायांपर्यंत. त्यालाही चिर्पीसारख्या खोट्या बाह्या, पाठीमागे खाली जोडलेल्या. चेहऱ्यावर घोड्याच्या केसांची जाळी, चचवान. किर्गिझ, कझाक, तुर्कमेन भटक्यांत हे नव्हतं, ही शहरी आणि बसलेल्या शेतकरी समाजाची गोष्ट. ८ मार्च १९२७ला सोव्हिएत पक्षानं 'हुजुम' म्हणजे हल्लाबोल पुकारला. चौकाचौकांत सभा, बायकांनी परंजा काढून होळीत टाकायचे. काहींनी मनापासून टाकले. काहींच्या नवऱ्यांना पक्षात बढती हवी होती म्हणून टाकले. काहींनी सभेनंतर घरी जाऊन दुसरा घातला.

मग सूड सुरू झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत मारल्या गेलेल्या बायकांचा आकडा इतिहासकार दोन हजारांच्या आसपास सांगतात, आणि मारणारे बहुतेक घरचेच. मार्गिलानची नूरखोन युल्दाशेवा उघड्या चेहऱ्यानं रंगमंचावर नाचायची. १९२९ मध्ये सख्ख्या भावानं तिचा खून केला.

यात कापडाचा दोष काय, असं वाटतं. पण राज्य म्हणालं हे उतरव, भाऊ म्हणाला हे चढव, आणि मधली बाई काय म्हणाली याची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. मी ताश्कंदच्या संग्रहालयात एक परंजा जवळून पाहिला. काठाला इतकं बारीक भरतकाम होतं की ते करणारीनं तो नुसता सोसला असं मला म्हणवेना. आवडून घातला असंही म्हणवेना.

---

मावशीचा_झगा

हे छान लिहिलंस. (अहो-जाहो सोडलं, राग नसावा.)

---

निळीचा_कोल्हा

मार्गिलानचं नाव आलं म्हणून पुढचं सांगून टाकतो, नाहीतर वाचकांना वाटेल अब्र मेलं.

परंजा जाळणाऱ्याच राजवटीनं नंतर रेशमी इकतला 'राष्ट्रीय पोशाख' म्हणून मिरवलं. खान-अतलस, सॅटीन विणीचं, झगझगीत. सामूहिक शेतावरच्या कापूस वेचणाऱ्या बायकांचे प्रचारी फोटो बघा, सगळ्या त्याच झग्यात. जे कधी मुख्यतः पैसेवाल्यांच्या अंगावर होतं ते गिरणीतून सगळ्यांच्या अंगावर आलं. आणि रुंदी वाढली, रंग भडकले, गाठी कमी झाल्या. फायदा की तोटा, तुम्ही ठरवा. मला विचाराल तर फायदा.

जुन्या दर्जाचं काम करणारे मार्गिलानमध्ये आहेत. यॉदगोर्लिक कारखाना १९७२चा, तिथे कोषापासून कापडापर्यंत सगळं बघता येतं. २०१७ मध्ये मार्गिलानच्याच हस्तकला विकास केंद्राला युनेस्कोनं चांगल्या जतनकार्याच्या नोंदवहीत घेतलं, खास अतलस आणि अद्रासच्या कामासाठी. अद्रास म्हणजे ताणा रेशमी, बाणा सुती. औरंगाबादचं मशरू आणि हिमरू पाहिलेल्यांना हे सूत-रेशमाचं लग्न ओळखीचं वाटेल. अद्रास विणून झाल्यावर त्याला खळ लावून लाकडी मोगरीनं ठोकतात. तेव्हा त्यावर पाण्यासारखी झळाळी येते.

आणि हो, अतलसची दंतकथा प्रत्येक गाइड सांगतो. खानाला विणकराची पोर हवी असते, बाप गयावया करतो, खान म्हणतो, सकाळपर्यंत तिच्याहून सुंदर काहीतरी दाखव. बाप पाण्याकाठी डोकं धरून बसतो आणि त्याला पाण्यात पावसानंतरचे रंगीत ढग दिसतात. ऐकायला गोड. पण धागे बांधून, तीनदा रंगवून, मागावर चढवायचं काम सकाळपर्यंत? कोणा रंगाऱ्यानं रचलेली कथा नव्हे ही.

---

टपरीवरचा_चहा

सुईदोरा, उत्तर मिळालं. आभार. वाचनखूण साठवली.

---

सुईदोरा

एक ताजी खबर, मगच फोटो.

आज सासूबाई पुण्याहून आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण आयुष्यभर कशिदा केलेला. मी सुझानी अंथरली आणि उत्साहानं डाळिंब, मिरची, मोकळा कोपरा असं सुरू केलं. त्यांनी ऐकलंच नाही. सरळ कोपरा धरून कापड उलटं केलं आणि चष्मा कपाळावर चढवून मागची बाजू बघत बसल्या.

म्हणाल्या, "हुशार आहेत गं. दोरा सगळा वरच ठेवलाय, मागे नुसते ठिपके. आम्ही भरायचो तर मागे पुढे सारखाच दोरा जायचा." (याला बस्मा टाका म्हणतात. धागा लांब आडवा टाकायचा आणि परत येताना त्याच धाग्यानं बारीक टाके घेत तो जागेवर टाचायचा. रेशीम वाचतं.) मग म्हणाल्या, "तीन जणींनी भरलंय. ही मधली पट्टी घाईत केलीय. आणि ही शेवटची डावखुरी आहे."

मी म्हटलं, कशावरून? तर त्यांनी बोटानं दाखवलं. बाकीच्या पट्ट्यांतले तिरके टाके एका बाजूला कललेले, शेवटच्या पट्टीत बरोबर उलटे. मी दोन महिने ती सुझानी रोज बघतेय.

मोकळा कोपरा त्याच पट्टीत आहे.

---

मोडीबाज

डावखुरीचा दोरा संपला असणार. माझा मुद्दा सिद्ध.

---

मावशीचा_झगा

किंवा डावखुरीचं लग्न ठरलं.

---

सुईदोरा

सासूबाईंनी आल्या आल्या विचारलंय की तुझ्याकडे या रंगाचा दोरा आहे का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

फोटो चढत नाहीयेत, साइज मोठी दाखवतंय. कमी करून रात्री टाकते.

---

धुळेकर_धाकटा

मागच्या बाजूचा पण टाका.